छातीच्या फोटोतला डाग

मी डेन्मार्कला निघालोय हे आमच्या वाडीत सगळ्यात आधी माझ्या बापाला कळलं, आणि ते त्याला सांगितलं एका जमादारानं. मी नाही.

निजामी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून नुकताच मुंबई राज्यात आला होता. मी परभणीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात स्टॉकमन होतो. डॉक्टरांच्या हाताखाली लसी टोचायच्या, रजिस्टर भरायचं, सायकल घेऊन खेड्याखेड्यांत फिरायचं, हे माझं काम. घर जिंतूरपासून पाच कोसांवर, माळावरच्या धनगरांच्या वाडीत. शे-सव्वाशे मेंढरं, थोडी शेरडं, आणि पाऊसमान बरं झालं तर ज्वारी देणारा जमिनीचा एक तुकडा. वाडीत मॅट्रिक झालेला मी एकटाच. तेही शिक्षण अर्धं उर्दूत आणि अर्धं मराठीत, कारण मधेच राज्य बदललं आणि त्याबरोबर शाळेची भाषाही बदलली.

खात्यात एक परिपत्रक आलं होतं. दूधधंदा शिकायला काही तरुण माणसं वर्षभरासाठी डेन्मार्कला न्यायची होती. सहा महिने तिथल्या शेतकऱ्याच्या घरी राहून काम करायचं, मग पाच महिने शेतकीशाळेत बसायचं. सगळा खर्च त्यांचा. आमच्या डॉक्टरांनी माझा अर्ज स्वतःच्या हातानं भरला आणि माझ्यापुढं सरकवला. डॉक्टरांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सही केली. मुंबईला मुलाखत झाली. गाय आजारी पडणार हे ताप येण्याआधी कसं ओळखाल, असं विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की ती कळपात मागं राहते आणि मागं राहिलेली मालकाकडं बघत नाही. का कोण जाणे, त्यांनी मला निवडलं.

घरी मी काहीच बोललो नव्हतो. हे होणार नाही अशीच माझी खात्री होती, मग उगीच मायला घोर कशाला लावा. आणि एका सकाळी पासपोर्टाच्या चौकशीसाठी पोलीस जमादार सायकलवरून वाडीत आला.

बा लिंबाखाली एका मेंढीचा खूर साफ करत बसला होता. जमादारानं कागद काढला, माझं नाव वाचलं आणि विचारलं, "डेन्मार्कला निघालाय म्हणं. हा तुझा पोरगा का?"

"न्हाई," बा म्हणाला.

"वाडीत ह्या नावाचा कुणी हाय का?"

"कोनीच न्हाई."

"इथं तर लिहिलंय, बापाचं नाव हे. तूच ना हा?"

"मी हाय. पोरगं न्हाई मला."

जमादार लिहून घेऊन निघून गेला. बा दिवसभर मेंढरांमागं डोंगरात राहिला आणि अंधार पडल्यावरच वाडीत आला, हे मला नंतर मायनं सांगितलं.

त्याला कारण होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत असेच दोघे वर्दीवाले यादी घेऊन वाडीत आले होते आणि त्यांनी माझ्या चुलत्याचं नाव विचारलं होतं. चुलत्यानं भोळेपणानं "मीच" म्हणून हात वर केला. तो तीन आठवड्यांनी परत आला, पण त्याचा उजवा हात पुन्हा काही वर झाला नाही. पुढं राज्य बदललं, वर्दीचा रंग बदलला. वर्दीवाल्यानं नाव विचारलं की आपल्या माणसाला ओळखायचं नाही, एवढं मात्र आमच्या वाडीनं गाठीला बांधून ठेवलं.

महिन्याभरानं परभणीच्या कचेरीत बोलावणं आलं. कारकुनानं अहवाल वाचून दाखवला. सदर नावाचा इसम वाडीत राहत नाही, बाप म्हणून दाखवलेल्या माणसानं साफ इन्कार केला आहे. वाचून झाल्यावर तो चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला.

"तुम्ही सरकारी नोकर ना? मग हे खोटं नाव लावून नोकरी करताय की काय?"

डेन्मार्क राहू द्या, आता हातची नोकरी जाणार आणि वर खटला होणार, एवढंच डोक्यात फिरायला लागलं. तशीच जिंतूरची एसटी धरली आणि पुढचं अंतर चालत तोडलं. घरी पोचलो तर बा कांबळं पसरून बसलेला. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

"मी तुला वाचवायला न्हाई म्हनलो," तो म्हणाला.

"मला ठावं हाय, बा. पर आता तुला ठाण्यात येऊन हो म्हनावं लागंल."

ठाणं म्हटल्यावर मायनं तोंडाला पदर लावला. बा रात्री जेवला नाही. सकाळी मात्र त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, नवा पटका बांधला आणि माझ्या आधी वाटेला लागला. जिंतूरच्या ठाण्याच्या पायरीवर त्यानं माझं मनगट धरलं. मी लहान असताना बाजारात धरायचा तसं. फौजदारापुढं उभं राहीपर्यंत सोडलं नाही.

"हा कोण?" फौजदारानं विचारलं.

"माझं लेकरू हाय."

"मग त्या दिवशी नाही का म्हणालात?"

बानं पटक्याचा शेमला सावरला आणि तो म्हणाला, "त्या दिवशी मला वाटलं, तुमी त्याला न्यायला आलाव."

फौजदार वयानं मोठा होता, आमच्याच भागातला असावा. त्यानं पुढं काही विचारलं नाही. नवा कागद घेऊन लिहिलं, बाचा अंगठा घेतला आणि आम्हाला पाणी पाजून पाठवलं.

बाहेर आल्यावर बानं विचारलं, "कुठं हाय ती जागा? मुंबईच्या पुढं?"

"लय पुढं. समुद्रापल्याड."

"मेंढरं हायती का तिथं?"

"हायती. गायी जास्ती."

त्यानं मान हलवली. जनावरं आहेत म्हणजे माणसंही असतील, असा काही हिशेब त्यानं मनात केला असावा.

बोटीचा प्रवास मी फारसा सांगत नाही, कारण मी तो बहुतेक डोळे मिटूनच केला. ज्याच्या गावात पावसाळ्याखेरीज ओढ्यालाही पाणी नसतं अशा माणसाला खाली जमीन नाही ही गोष्ट झोपेतसुद्धा विसरता येत नाही. पुढं इटलीतल्या एका बंदरात उतरलो आणि तीन दिवस आगगाड्या बदलत डेन्मार्कला पोचलो. गळ्यात नावाची चिठ्ठी होती. ती हरवली तर मी कोण हे इथं कुणाला सांगता येणार नाही या भीतीनं मी तिच्यावर हात ठेवून बसायचो.

ज्यांच्या घरी मला ठेवलं ते नवराबायको पन्नाशीचे होते. मूलबाळ नव्हतं. शेतकरी उंच, खांद्यात वाकलेला आणि अतिशय अबोल. त्याला थोडं इंग्रजी यायचं, बायकोला अजिबात नाही. तीस लाल गायी, दूध काढायची मशीन, गोठ्यात घालायला लाकडी खडावांसारखे जोडे. कामाची मला भीती वाटली नाही, जनावर सगळीकडं सारखंच. भीती वाटायची ती त्या शांततेची. आमच्याकडं माणूस रागावला की बोलतो, खूष झाला की बोलतो. इथं शेतकरी सकाळपासून दुपारपर्यंत एक शब्द न बोलता माझ्या शेजारी काम करायचा आणि आपलं काय चुकलं याचा मी दिवसभर विचार करत राहायचो. पुढं कळलं की काहीच चुकलेलं नसे.

एकदाच तो मोकळेपणानं बोलला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या देशात गायींमधला क्षय मोडून काढायची मोठी मोहीम झाली होती. प्रत्येक गोठ्यात टोचणी झाली, आणि ज्या गायीची कातडी सुजली ती बाद. त्याच्या गोठ्यातल्या निम्म्याहून जास्त गायी त्यात गेल्या. दारात गाडी उभी राहिली, त्यानं स्वतः एकेक गाय सोडून गाडीत चढवली. तो हे सांगत असताना त्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली. "आता गोठा स्वच्छ आहे," तो म्हणाला, आणि भिंतीवर चौकटीत लावलेला दाखला त्यानं मला दाखवला.

उन्हाळ्यात तिथं रात्री दहालाही उजेड असतो. पण शेतकीशाळेत जायचे दिवस जवळ आले तसा उजेड भराभर ओसरू लागला. शाळेत दाखल होण्याआधी छातीचा फोटो काढून द्यायचा नियम होता. जवळच्या गावात जाऊन मी तो काढून आलो. मुंबईच्या डॉक्टरांनी नळी लावून सही केली होती, त्यामुळं मला काहीच काळजी नव्हती.

आठवड्यानं पत्र आलं. शेतकऱ्यानं ते उभ्यानंच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. बायकोला तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला. तिची नजर आधी माझ्याकडं गेली, मग माझ्या हातातल्या कपाकडं.

"तुझ्या छातीत डाग आहे," तो मला इंग्रजीत म्हणाला. "आपल्याला आज दवाखान्यात जायचं आहे. आज. आत्ता."

मोटारीत त्यानं चारही काचा उघड्या ठेवल्या होत्या. थंडीनं माझे दात वाजत होते. काच लावू का हे विचारायचा धीर मला झाला नाही.

छातीच्या रोगाचा तो दवाखाना शहराबाहेर झाडीत होता. माझे कपडे, वह्या, मायनं दिलेलं घोंगडं, सगळं वाफेनं निर्जंतुक करायला घेऊन गेले. घोंगडं परत आलं ते आवळून अर्धं झालेलं, पत्र्यासारखं ताठ. डॉक्टर चाळिशीचे होते, सावकाश इंग्रजी बोलणारे. त्यांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. उजव्या बाजूला वरती, गळपट्टीच्या हाडाखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

"घरात कुणाला हा आजार होता?"

"नाही," मी म्हणालो.

"आई, वडील, भाऊ, बहीण? कुणालाच?"

"कुणालाच नाही."

मला एक थोरली बहीण होती. वालूरला दिलेली. मी नऊ-दहा वर्षांचा असताना सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून आमच्या वाडीला आणून सोडलं. खोकताना तिच्या तोंडातून रक्त पडायचं. मेंढवाड्याच्या कडेला बानं तिला वेगळं खोपट घालून दिलं. भाकरी घेऊन मी जायचो. ती म्हणायची, "तिथंच ठिव, जवळ नगं येऊ." मी ठेवून लांब बसायचो. एका हिवाळ्यात तिला थंडी सोसेना, कुडकुडण्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. तेव्हा मी तिच्या पांघरुणात शिरून तिच्या पाठीशी झोपलो. एकदा नाही, दोन-तीनदा. संक्रांतीच्या आत ती गेली. त्यानंतर तिच्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही, कारण धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. "ताप आला आन् गेली," एवढंच सांगायचं असं ठरलं होतं.

डॉक्टरांना मी नाही म्हणालो ते काही विचार करून नाही. तोंडातून ते आपसूक निघालं. हो म्हटलं तर उद्याच मला बोटीवर चढवतील, वाडीत सगळ्यांना कळेल, धाकटीचं जमत आलेलं मोडेल, हे सगळं मला नंतर सुचलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी नाकातून रबराची नळी घालून पोटातलं, गिळलेल्या कफाचं पाणी काढायचे. त्यात जंतू वाढतात का हे बघायला सहा आठवडे लागतात असं नर्सनं बोटांवर मोजून सांगितलं. हाताच्या कातडीत टोचणी दिली. ती टोचणी मला ओळखीची होती. सरकारी फार्मवर गायींच्या मानेला मी तीच दिली होती, आणि तिसऱ्या दिवशी चिमटीत कातडी धरून सूज मोजली होती. आता तिसऱ्या दिवसाची वाट न बघता मी रोज माझ्याच हाताची कातडी चिमटीत धरून बघायचो. दुसऱ्याच दिवशी ती जाड लागली. तिसऱ्या दिवशी लाल, गरम, आठ आण्यांच्या अधेलीएवढी गाठ. आमच्या रजिस्टरात अशा गायीपुढं मी तांबड्या शाईनं फुली मारत असे.

दिवसातून दोन तास आम्हाला उघड्या सज्ज्यात खाटांवर घोंगड्यांत गुंडाळून झोपवायचे. त्या लोकांचा थंड हवेवर विश्वास होता. समोर काळी झाडं, तीन वाजताच मावळणारा दिवस. मी बापाला पत्रं लिहायचो ती तिथूनच. आमच्या घरी वाचता येणारं कुणी नव्हतं. पत्र गावातले मास्तर पारावर मोठ्यानं वाचायचे आणि अर्धं गाव ऐकायचं. म्हणून मी लिहायचो, मी खुशाल आहे, शाळा सुरू झाली आहे, जेवण चांगलं आहे. मास्तरांच्या हातचं उत्तर यायचं, पण शब्द मायचे असायचे. "थंडी लय हाय म्हनतेत तिकडं. घोंगडं पांघरत जा. धाकटीचं जमायलंय, पोरगं बरं हाय." ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवायचो आणि पुन्हा काढायचो नाही.

दुसऱ्या आठवड्यात शेतकऱ्याची बायको भेटायला आली. खोलीच्या दारातच थांबली. आत पाऊल टाकलं नाही. हातात कागदात बांधलेली सफरचंदं होती, ती तिनं नर्सकडं दिली. एव्हाना मला तिची भाषा थोडी कळत होती.

"गुरुवारी गायींचे डॉक्टर येणार," ती म्हणाली. "सगळ्या गायींना टोचणार."

"माझ्यामुळं?"

तिनं मान डोलावली. "नियम आहे. तू दूध काढत होतास." मग ती म्हणाली, "तो झोपत नाही."

गुरुवारनंतर तीन दिवस मला अन्न गेलं नाही. माझ्या छातीचं काय होईल यापेक्षा त्या गोठ्याचं काय होईल याची भीती मोठी होती, आणि हे मी आज चांगुलपणा मिरवायला सांगत नाही. मला ती दारातली गाडी दिसायची. शेतकरी एकेक गाय सोडतोय, बोलत काहीच नाही, आणि ज्यानं हे त्याच्या दारात आणलं तो काळा माणूस आपण. त्या गायींची नावं मला पाठ होती. कुणाचं कुठलं थान कठीण हे ठाऊक होतं. मी रोज पहाटे त्यांच्या कुशीला डोकं टेकून बसलो होतो आणि कदाचित तिथंच खोकलोही होतो. खोकलो होतो का? मी एकेक सकाळ आठवून बघायचो.

मंगळवारी पोस्टकार्ड आलं. शेतकऱ्याचं अक्षर, तीन ओळी. सगळ्या गायी स्वच्छ. बारा नंबरची गाय व्याली. कालवड आहे.

ते कार्ड वाचून मी पांघरुणात तोंड घालून रडलो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा पोस्टमन होता. त्याला वाटलं घरून वाईट बातमी आली. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं आणि गंभीरपणे म्हणाला, "कालवड चांगली." हाच म्हातारा मला रोज वर्तमानपत्रातल्या दोन ओळी वाचायला लावायचा आणि माझे उच्चार सुधारायचा. त्यांच्या भाषेत अर्धे शब्द घशातच राहतात. ते घशात कसे ठेवायचे हे त्यानं मला शिकवलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्याला ढकलगाडीवर घालून ऑपरेशनला नेलं. जाताना त्यानं चष्मा काढून माझ्या खाटेवरच्या कपाटावर ठेवला, हरवू नये म्हणून. दुपारी दोन नर्सा आल्या आणि त्यांनी त्याची चादर, उशी, गादी सगळं उचललं. चष्मा मी त्यांच्या हातात दिला. घेताना एका नर्सची नजर खाली होती.

त्याच दुपारी डॉक्टर फेरीला आले. ते नाडी धरायला वाकले तेव्हा मी म्हणालो, "मला बहीण होती."

ते खाटेच्या कडेला बसले. मी सगळं सांगितलं. बैलगाडी, खोपट, पांघरूण. इंग्रजी शब्द सापडेना तिथं मी हातांनी दाखवलं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला. "किती वर्षं झाली?"

"बारा-तेरा."

त्यांनी खिशातून कागद काढला, त्यावर एक लहान वर्तुळ काढलं आणि भोवती जाड रेघ ओढली.

"हा डाग असाच असणार. जुना. शरीरानं भोवती भिंत बांधलेली. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी वेगळा विचार केला असता. का नाही सांगितलंस?"

"तुम्ही परत पाठवाल म्हणून."

"आजाऱ्याला आम्ही परत पाठवत नाही," ते म्हणाले. "बरा झाला की पाठवतो."

आठवड्यानं तपासणीचा निकाल आला. जंतू नव्हते. मी त्या दाखल्याकडं बघत राहिलो. आनंद व्हायला हवा होता, पण सहा आठवड्यांची भीती अशी एका कागदानं उतरत नाही. पुढं कितीतरी दिवस मी रुमालात खोकायचो आणि उजेडाकडं जाऊन रुमाल बघायचो.

शेतकरी मला न्यायला आला. मोटारीच्या काचा या वेळी बंद होत्या. घरी पोचल्यावर त्याच्या बायकोनं कॉफी ठेवली. तिघांचे कप नेहमीचेच होते, पण माझ्या कपाच्या कानाला निळा दोरा बांधलेला होता. तिनं तो हळूच बांधला होता, दिसू नये असा. मला तो टेबलावर यायच्या आधीच ओळखू आला. आमच्या वाडीवर गावाबाहेरच्या वस्तीतला एक म्हातारा दोरखंडं वळून आणायचा. माय त्याला पाणी वरून ओतायची आणि त्याच्यासाठी ठेवलेला टवका उडालेला मातीचा परळ मेंढवाड्याच्या कुडात खोचलेला असायचा. तो परळ काढून द्यायचं काम माझं होतं. तो म्हातारा कधी माझ्या तोंडाकडं बघायचा नाही, परळाकडंच बघायचा. मी कॉफी प्यायलो आणि कप स्वतः विसळून वेगळा ठेवला. तिचा चेहरा लालबुंद झाला. चार दिवसांनी मी शाळेला निघालो तोवर दोरा तसाच होता. मी तिला दोष दिला नाही. देण्याचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

शाळेत मी दोन महिने उशिरा पोचलो. सगळे धडे त्यांच्याच भाषेत, आणि शेवटी तोंडी परीक्षा. हिरवं कापड घातलेल्या टेबलामागं तिघंजण, समोर चिठ्ठ्या. मी चिठ्ठी उचलली, ती हातातून खाली पडली आणि एका परीक्षकानं वाकून ती उचलून दिली. विषय होता दुभत्या गायीच्या आजाराची पहिली लक्षणं. मग मी एकेक शब्द घशात ठेवत ठेवत बोलू लागलो. किती बोललो आठवत नाही. ते थांब म्हणाले तेव्हा मला वाटलं नापास झालो. पास झालो होतो, वर्गात मधल्या नंबरावर.

परत आलो तोवर धाकटीचं लग्न होऊन गेलं होतं. परभणीला मला दूध संकलनाच्या कामावर घेतलं आणि मी जिंतूर, वालूर, सेलूकडच्या खेड्यांत हिंडू लागलो. दवाखान्याची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. महाराष्ट्र झाला त्या वर्षी हिवाळ्यात मी घरी गेलो होतो. संध्याकाळी माय शेरडाखाली बसून धार काढत होती. मी शेजारी बसून तिला सगळं सांगून टाकलं.

तिचा हात थांबला नाही. धारेचा आवाज तसाच चालू राहिला. मग ती म्हणाली, "तू तिच्यापाशी निजत व्हतास ते मला ठावं हाय. मी बघितलं व्हतं."

"मग उठवलं न्हाईस?"

"उठवायला आले व्हते. ती गाढ झोपली व्हती. लय दिसांनी."

शेरडानं पाय हलवला. मायनं त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला उभं केलं.

"त्या दवाखान्यात खायला काय देत व्हते?" तिनं विचारलं.

"बटाटे. काळी भाकरी, आंबट लागायची. सकाळी त्या भाकरीचीच खीर."

"ऊन ऊन देत व्हते का?"

"हो, ऊन द्यायचे."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या शेरडाकडं सरकली.